लाभार्थी कोणाला म्हणता?



सरकारी कागदावर आपल्या नावापुढे एकच शब्द असतो. लाभार्थी. विहिरीचा लाभार्थी, बियाण्याचा लाभार्थी, विम्याचा लाभार्थी, माती परीक्षणाचा लाभार्थी. लाभार्थी म्हणजे ज्याच्या पदरात काही पडले तो. देणारा निराळा, घेणारा निराळा. देणाऱ्याने सेवा दिली, घेणाऱ्याने पदर पसरला आणि अंगठा उठवला. संपला व्यवहार.

आमचे म्हणणे असे की हा शब्दच खोटा आहे. ज्याला ही मंडळी सेवा म्हणतात तिचे अर्धे काम आपण करतो, पुष्कळदा अर्ध्याहून जास्त. त्या कामाची मजुरी राहू द्या, त्याची साधी नोंदही कुठल्या वहीत सापडत नाही.

ई-पीक पाहणीच घ्या. पूर्वी तलाठ्याने वावरात यावे, धुऱ्यावर उभे राहून पीक बघावे आणि सातबाऱ्यावर लिहावे असा दंडक होता. तो धुऱ्यावर येत नसे, चावडीतच बसून लिहीत असे, हे आपण सगळे जाणतो. 15 ऑगस्ट 2021 पासून ते काम आपल्या हातात आले. माझा पीकपेरा मीच लिहिणार, अशी घोषणाही झाली. ऐकायला बरे वाटते. आता आपण मोबाईल घेऊन वावरात उभे राहतो, रेंज शोधतो, फोटो काढतो. रेंज नसली तर टेकाडावर चढतो. म्हातारा बाप असेल तर नातू शाळा बुडवून जातो. काम करायला आमची ना नाही. आपले पीक आपल्याइतके कोणाला कळणार? पण तलाठ्याने नोंद चुकवली तर ती तलाठ्याची चूक होती. आता नोंद राहिली तर ती आपली चूक, आणि त्या एका चुकीपायी खरेदीचे नाहीतर भरपाईचे दार बंद. काम आपल्याकडे आले, दोषही आला, अधिकार मात्र तिथेच राहिला. लाखो शेतकऱ्यांनी वावरात उभे राहून जमा केलेल्या त्या आकड्यांवरून यंदा कापूस किती, तूर किती, भावाचा रंग काय, हे विक्रीच्या आधी आपल्याला कोण येऊन सांगतो?

2025 च्या हंगामापासून सीसीआयला कापूस द्यायचा तर कपास किसान नावाच्या ॲपवर आपणच नाव नोंदवायचे आणि आपणच दिवस ठरवायचा. हीही तीच तऱ्हा. जे काम कारकून करत होता ते आपण करतो. रांगेत चार रात्री काढण्यापेक्षा हे बरे, हे आम्ही मान्य करतो. एकाधिकाराच्या दिवसांत बैलगाड्यांच्या रांगेत थंडीत कुडकुडलेली माणसे अजून आपल्यात आहेत, त्यांना विचारा. पण आपण जर कारकुनाचे काम करतो तर आपण नुसते घेणारे कसे?

ही गोष्ट काही आमच्याच सुपीक डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाई होऊन गेल्या. 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. 1970 च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियानापोलिस शहरात आणि आजूबाजूला पोलिसांचे काम कसे चालते हे पाहिले. खाते मोठे केले, साहेब वाढवले की सुरक्षा वाढते असा तज्ज्ञांचा समज होता. बाईंना तसे आढळले नाही. वस्तीला जवळची असलेली छोटी पोलीस ठाणी बऱ्याच बाबतींत मोठ्या खात्याच्या तोडीची किंवा सरस निघाली. कारण सुरक्षितता एकटा पोलीस बनवतच नाही. खबर देणारा, दार लावणारा, शेजाऱ्यावर नजर ठेवणारा माणूस नसेल तर पोलीस काय करणार? सेवा ही दोघे मिळून पिकवतात, असे त्यांनी मांडले. पुढे 2004 साली वार्गो आणि लश या दोन प्राध्यापकांनी व्यापारालाही तेच लागू केले. कारखान्यात मोल तयार होते आणि गिऱ्हाईक ते नुसते संपवते, हे खरे नाही; गिऱ्हाईक वस्तू वापरते तेव्हाच तिचे मोल उभे राहते, आणि ते उभे करण्यात गिऱ्हाइकाचा हात असतो. कोइम्बतूरचे सी. के. प्रल्हाद अमेरिकेत प्राध्यापक होते, त्यांनीही त्याच वर्षी यावर पुस्तक लिहिले. आता कंपन्यांच्या शिबिरांत सहनिर्मिती हा शब्द साखरेसारखा वाटला जातो.

आपल्या भाषेत सांगायचे तर न्हावी कितीही हुशार असो, गिऱ्हाइकाने मान हलवली की गाल कापलाच. दाढी दोघांची असते. फरक एवढाच की न्हाव्याच्या दुकानात समोर आरसा असतो. आपण अर्धे काम केले ते कसे झाले, हे दाखवणारा आरसा आपल्यासमोर कोणी धरत नाही. आमचे सगळे भांडण त्या आरशासाठी आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या कारंजा लाडला जाऊ. पदवीच्या पुस्तकात आम्ही कारंज्याचे नाव वाचले तेव्हा छाती फुगली होती. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने 1886 साली इथला कापसाचा बाजार नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची गणना होते. मग 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. गोऱ्या साहेबाला कारंज्याच्या कास्तकाराची दया आली होती काय? तसे काही नव्हते. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वाजवी दरात हवा होता. बाजार समितीवर व्यापाऱ्यांची माणसे होती, कास्तकाराला खुर्ची नव्हती. पिकवणाऱ्याला समितीत जागा देण्याची सोय मुंबई इलाख्याच्या 1927 च्या कायद्याने केली. म्हणजे शुद्ध कापूस हवा, पण तो शुद्ध ठेवणारा माणूस समितीत नको. (मूर्तिजापूर, कारंजा, यवतमाळ ही आपली शकुंतला गाडीसुद्धा कापसासाठीच टाकली होती, माणसे मागाहून बसली.)

सव्वाशेहून जास्त वर्षे झाली. समितीत आता आपल्या नावाची माणसे बसतात. ती निवडणुकीआधी आपली असतात, नंतर कोणाची असतात हे तुम्हीच ठरवा. पण तो मूळचा खोटेपणा गेला का?

गाडीत आणलेल्या कापसाचे मोल कशाने ठरते ते बघा. धाग्याची लांबी, तलमपणा, ओलावा, काडीकचरा आणि रुईचा उतारा. लांबी आणि उतारा बियाण्यात असतो, आणि बियाणे आपण निवडतो. तलमपणा बोंड पुरते पिकण्यावर असतो, म्हणजे जमिनीच्या ओलीवर आणि आपल्या डवरणीवर. ओलावा आणि कचरा तर सर्वस्वी वेचणाऱ्या हातात. दव सुकल्यावर वेचला की सकाळी सातलाच वेचला, पहिली वेच वेगळी ठेवली की कवडीत मिसळली, कापडी झोळीत भरला की खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यात. त्या पोत्याचा एक धागा रुईत गेला तर तो पार विणलेल्या कापडापर्यंत जातो, तिथे रंग धरत नाही आणि अख्खा ताका दुय्यम ठरतो. जिनिंगवाला हे सगळे बिघडवू शकतो, सुधारू शकत नाही. सरकी काढायच्या यंत्राने धागा लांब होत नाही. थोडक्यात सूतगिरणीला ज्या गुणासाठी पैसे मोजायचे असतात तो गुण जिनिंगच्या फाटकात शिरण्याआधीच तयार झालेला असतो.

फाटकात काय होते? ओलावा मोजतात, कारण ओलावा हे कापायचे कारण आहे. सीसीआयच्या नियमाने 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे 12 टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला कपात, त्याच्या वर कापूस परत. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे एका टक्क्याला 81 रुपये 10 पैसे गेले. यात गैर नाही, पाण्याचे पैसे कोणी का द्यावेत? पण उतारा कोण मोजतो? खेडा खरेदीत तर कोणीच नाही. 100 किलो कापसातून एकाच्या मालाची 33 किलो रुई निघते, दुसऱ्याची 36. रुई 150 रुपये किलो आणि सरकी 35 रुपये किलो धरा. 3 किलो रुई जास्त म्हणजे 450 रुपये जास्त, आणि 3 किलो सरकी कमी म्हणजे 105 रुपये कमी. क्विंटलमागे 345 रुपयांचा फरक. वीस क्विंटलला 6,900. हा पैसा दुसऱ्या कास्तकाराने आपल्या वावरात पिकवला. तो त्याला मिळाला नाही, आणि तो आपण पिकवला हेही त्याला कधी कळले नाही. जिनिंगवाल्याला मात्र कोणत्या गावाचा माल चांगला निघतो हे पाठ असते. त्याच्या डोक्यात वही आहे, आपल्याकडे पावती आहे. पावतीवर वजन, भाव आणि कट्टी.

हमीभाव मध्यम धाग्याला निराळा आणि लांब धाग्याला निराळा असतो. 2025-26 ला 7,710 आणि 8,110. म्हणजे सरकारच्या कागदालाही गुणाची किंमत कळते. पण गावातल्या व्यापाऱ्याचा भाव एकच. सगळ्यांना सारखाच, तो म्हणतो, जणू समतेचा पुजारीच!

एकाधिकार खरेदीची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. 1971 चा कायदा, 1972-73 पासून योजना. दुसऱ्या कोणाला कापूस विकाल तर गुन्हा. नाव होते कापूस उत्पादकांच्या महासंघाचे, आणि भाषा होती भागीदारीची: आज हमीभाव घ्या, विक्री झाल्यावर नफा निघाला तर पुढचा हप्ता घ्या. कागदावर पाहिले तर हीच सहनिर्मिती. व्यवहारात काय होते? प्रत ग्रेडरच्या नजरेवर आणि बोटांवर ठरायची आणि त्या बोटांना अपील नव्हते. चुकारे रखडायचे. निरनिराळ्या निधींच्या नावाने रक्कम कापली जायची. गठाण कोणाला विकली, केव्हा विकली, काय भावाने, का थांबलो, हे सभासद म्हणवणाऱ्याला कळायचे नाही. बाहेर भाव चढले की कापूस रातोरात आदिलाबादकडे नाहीतर मध्य प्रदेशात जायचा, आणि आपल्याच मालाची चोरटी वाहतूक केली म्हणून आपल्यावर खटले. बाहेर पडले की तिकडचा कापूस इकडे यायचा. या शतकाच्या सुरुवातीला हा एकाधिकार संपला. त्याच्या अपयशाची कारणे सांगणारे शंभर अहवाल निघतील. आम्हाला त्यातले एकच कारण महत्त्वाचे वाटते. ज्याच्या हातून मोल तयार होते त्याला हिशेबाबाहेर ठेवून भागीदारी चालत नाही. तिला मग पोलीस लागतात.

इथे आपल्यातले काही जण म्हणतील, व्यापारी चोर, सरकार चोर, आपण तेवढे साव. थांबा. तळाला ओला कापूस आणि वर सुका, हे कोण करते? फरदड घेऊन अळीला घर कोण देते? आम्ही सभेत हे बोललो की माणसे मान खाली घालतात, मग एखादा उठून म्हणतो, साहेब, चांगल्याले भी तोच भाव हाय, मंग चांगला कायले करू? त्याचे खरे आहे. जिथे स्वच्छ आणि घाण एका ढिगात पडते तिथे स्वच्छ वेचणारा मूर्ख ठरतो. लबाडी रक्तात नसते, ढिगात असते.

पण तोच प्रश्न आपल्या वावरात उलटून विचारा. वेचणीची मजुरी आपण कशी देतो? किलोवर. दवाचा कापूस जड भरतो, पाचोळाही वजन देतो. सूर्य वर येईपर्यंत थांबणाऱ्या, पाचोळा झटकणाऱ्या बाईला आपण कमी पैसे देतो आणि ओरबाडणारीला जास्त. मोंढ्यात जे आपल्याशी होते तेच आपण वेचणाऱ्या बायांशी करतो आणि संध्याकाळी काट्यावर उभे राहून त्यांच्यावरच खेकसतो. सीतादही करताना पहिल्या बोंडाला दहीभात वाहतो. ज्या हाताने बोंड वेचले जाते त्या हाताचे काय? कापसाचे मोल ठरवणारा पहिला ग्रेडर ही बाई आहे. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने गेल्या हंगामात पहिल्या वेचणीला किलोमागे वरून दोन रुपये दिले, अट एकच, दव सुकल्यावर हात लावायचा. त्याचा ओलावा फाटकात कधी आठाच्या वर गेला नाही. भावात जे वाचले ते वाढीव मजुरीहून थोडेच जास्त होते, हेही सांगतो. पण त्याच्या शेतावर बाया आपणहून आल्या, शोधायला जावे लागले नाही. मजुरांच्या टंचाईत याचे मोल काय ते तुम्हीच लावा.

आता बोंडअळीची गोष्ट. ही सांगताना आम्हाला आमच्या पदवीची लाज वाटते, तरी सांगतो.

2002 साली बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचे लहान पाकीट यायचे, बिगर-बीटीचे. ते वावराच्या कडेने लावायचे. निदान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या 20 टक्के, जे जास्त असेल ते. त्याचे कारण साधे आहे. बीटीच्या झाडावर अळी मरते. लाखात एखादी अळी ते विष पचवते आणि वाचते. तिच्यासारखीच दुसरी वाचलेली अळी तिला जोडीला मिळाली तर पोरेही विष पचवणारी होतात. म्हणून कडेला साध्या पऱ्हाटीवर साध्या अळ्या वाढू द्यायच्या, म्हणजे त्या वाचलेल्या एकीला जोडीदार साधा मिळेल आणि पोरे पुन्हा विषाला बळी पडतील. म्हणजे बीटी नावाची सेवा बियाण्याच्या पाकिटात पुरी नव्हती. ती टिकवायचे अर्धे काम कडेच्या ओळींत होते, आणि ते काम कास्तकाराचे होते.

आम्ही त्या काळात एका बियाणे कंपनीच्या नोकरीत गावोगाव सभा घ्यायचो. सभा तासाची. त्यात या लहान पाकिटाला एक वाक्य: हे कडेने लावा, नियम आहे. मालेगाव तालुक्यात एका म्हाताऱ्याने विचारले, बावा, ज्याच्यात अळी पडते ते बी आमच्याच वावरात आमीच कायले लावाव? प्रश्न अचूक होता. उत्तर वर दिले तेवढेच होते, पाच मिनिटांत समजणारे. आम्ही हसलो आणि पुढे सरकलो, कारण विक्रीचा आकडा 450 ग्रॅमच्या पाकिटावर धरला जायचा. ते लहान पाकीट उकिरड्यावर गेले, कुठे ढोरांपुढे गेले. आणि त्यातले बी जरी लावले तरी ते वेळेवर फुलावर येईल की नाही याची खात्री कोणी दिली नव्हती. 2010 साली गुजरातेत शेंदरी बोंडअळीने पहिल्या बीटीला दाद न दिल्याचे कंपनीनेच जाहीर केले. 2017 साली आपल्या विदर्भात काय झाले ते सांगायला नको. बोंडे फोडावी तर आत अळी. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली.

मग तज्ज्ञ म्हणाले, शेतकऱ्याने नियम पाळला नाही. आता नॉन-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देतात, म्हणजे कास्तकाराला विचारायलाच नको. आम्हाला यात दोन अपमान दिसतात. आधी त्याच्यावर अर्धे काम सोपवले आणि का करायचे ते सांगितले नाही. नंतर तो काम करत नाही म्हणून ते काढून घेतले. आणि खरी अडचण तरीही उरतेच, कारण शेंदरी अळी एका वावराची नसते. एकाने डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने मार्चपर्यंत फरदड ठेवली तर पहिल्याचे कष्ट पाण्यात. कामगंध सापळे एकाने लावून भागत नाही, गावाने लावावे लागतात. जिनिंगच्या आवारातही लावावे लागतात, कारण सरकीतून पतंग तिथूनच बाहेर पडतात. गाव, जिनिंग, बियाणेवाला आणि कृषी खाते एका पंगतीत बसल्याशिवाय या अळीवर इलाज नाही. पंगतीत म्हणजे पंगतीत. एकाने वाढायचे आणि दुसऱ्याने पत्रावळी उचलायची असे नव्हे.

मातीचेही तेच. 2015 साली मृद आरोग्य पत्रिका आली. कोरडवाहू भागात दर 10 हेक्टरला एक नमुना असा दंडक होता. म्हणजे जवळपास 25 एकरांत एक. त्या 25 एकरांत आपल्याकडे टेकाडाची बरड असते, मधली मुरमाड असते आणि नाल्याकाठची गळ्याइतकी खोल काळी असते. नमुना यातल्या एका ठिकाणचा, पत्रिका सगळ्यांच्या नावाने. शेतकऱ्याला कोणी विचारले असते तर त्याने वहाणेच्या टाचेने दाखवले असते की इथून इथवर एक माती आणि इथून दुसरी. प्रयोगशाळेला जे कळत नाही ते त्याला कळते, त्याला जे कळत नाही ते प्रयोगशाळेला कळते. दोन्ही एकत्र आल्याशिवाय पत्रिका म्हणजे नुसता रंगीत कागद.

ज्वारी पेरणाऱ्यांना वाटेल, हे सगळे कापसाचेच पुराण. तर ऐका. 1964 साली सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. शास्त्रज्ञांनी क्विंटल मोजले, आणि क्विंटल वाढले हे खरेच. पण ज्वारीचे मोल तीन जण ठरवतात. कणीस बघणारा कास्तकार, भाकरी थापणारी त्याची बायको आणि कडबा खाणारा बैल. ठेंगण्या वाणाचा कडबा कमी, आणि पावसात सापडला की दाणा काळा. बायको आणि बैल यांचे मत विद्यापीठाने घेतलेच नव्हते. पुढच्या वाणांत कडब्याचा विचार आला, पण तोवर घरोघरची गोड ज्वारी मागे पडली होती. आज जिल्ह्यात सोयाबीनने ज्वारीला धुऱ्यापर्यंत ढकलले आहे. त्याची कारणे भावात आहेत, डुकरांत आहेत, पाखरांत आहेत. पण जे पीक घरात मोजले जाते ते कचेरीत मोजले गेले नाही, हेही त्यातले एक.

असे कुठे चालते जिथे दोघांच्या कामाचा हिशेब दोघांसमोर होतो? आणंदला चालते. 1946 साली त्रिभुवनदास पटेलांनी खेडा जिल्ह्याचा दूध संघ उभा केला, 1949 साली कुरियन तिथे पोचले. लोक त्यांच्या भुकटीच्या कारखान्याचे कौतुक करतात. आमच्या मते खरी करामत गावच्या केंद्रावर आहे. बाई दूध आणते, तिच्यासमोर मोजतात, तिच्यासमोर फॅट काढतात, फॅटप्रमाणे पैसे. पेंड घातली तर फॅट चढते, पाणी घातले तर उतरते, आणि ते तिला त्याच दिवशी कळते. तिच्यासमोर रोज आरसा धरला जातो. मग तिला प्रामाणिक राहा असे व्याख्यान द्यावे लागत नाही.

कापसाचे आणंद करू म्हणणारे पुष्कळ आले आणि गेले. त्यांनी इमारत उचलली, आरसा विसरले. शिवाय दूध रोज दोनदा निघते, कापूस वर्षातून तीन-चार वेचण्यांत. दुधाची चूक उद्या सुधारते, कापसाची पुढच्या साली. म्हणून आपली वही दुधापेक्षा जाड आणि जास्त दिवस टिकणारी हवी. 2020 सालच्या योजनेपासून गावोगाव निघालेल्या शेतकरी कंपन्यांकडूनही हीच अपेक्षा होती. त्यांतल्या कितीतरी खत-बियाण्याचे दुकान होऊन बसल्या. सभासदाची आठवण आमसभेच्या सहीपुरती. आपलीच माणसे खुर्चीवर बसून आपल्याला लाभार्थी म्हणू लागली तर तक्रार कोणाकडे करायची? 2020 साली भारतीय कापसाला कस्तुरी हे नावही दिले गेले. गठाणीवर क्यूआर लावून ओळख पटवायची योजना आहे. चांगली गोष्ट. पण गठाण बांधायच्या आधी ज्या ढिगात वीस गावांचा कापूस एक होतो, त्या ढिगात आपल्या गावाची ओळख राहील कशी? गावाचा ढीग वेगळा पडल्याशिवाय कस्तुरीचा वास आपल्या घरापर्यंत येणार नाही.

म्हणून मागण्या लांबलचक नाहीत. फाटकात ओलाव्याचे यंत्र आपल्याकडे तोंड करून ठेवा आणि गाडीच्या निदान पाच ठिकाणी लावा. एका गावचा माल ठरलेल्या दिवशी वेगळा पिंजा आणि त्याचा उतारा व धाग्याचा अहवाल त्या गावाला लेखी द्या. माती घेताना, पीक कापणी प्रयोग करताना ज्याचे वावर त्याला आधी कळवा आणि आलेला आकडा त्याच्या हातात द्या. आमच्या नोंदींवरून तुम्ही जे अंदाज बांधता ते विक्रीच्या आधी आम्हाला सांगा. यात एक पैसाही अनुदानाचा नाही.

सरकार किंवा जिनिंगवाला हे देईल तेव्हा देईल. यंदा आपण आपल्यापुरते सुरू करू. पुढल्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक वही आणायची. प्रत्येक शेतकऱ्याचा वाण कोणता, जमीन बरड की काळी, कितवी वेच, वेचणीची वेळ, मजुरी, फाटकातला ओलावा, भाव आणि कट्टी. प्रत्येक गावातून तीन निरनिराळ्या वाणांचा, पहिल्या वेचणीचा, दहा-दहा किलो कापूस कापडी पिशवीत भरून आणा. पिशवीवर गाव आणि वाण लिहा, शेतकऱ्याचे नाव नको. बैठकीच्या ठिकाणी छोटे जिनिंग यंत्र आणायचे ठरले आहे. सगळ्यांसमोर सरकी काढू, सगळ्यांसमोर रुई तोलू आणि फळ्यावर लिहू. वेचणीला जाणाऱ्या बायांनाही सोबत आणा, त्यांना बघू द्या. ज्या गावाला यंत्र लवकर हवे त्याने तालुका कार्यकर्त्याला आठ दिवस आधी कळवावे. काटा कारंजा तालुका आणील, फळा रिसोडवाल्यांनी आणायचा आहे, मागच्या वेळेसारखा विसरू नये.